अल्पकालीन तीर्थयात्रेचे नियोजन : रामटेक क्षेत्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नागपूरहून एका दिवसात करता येणाऱ्या तीर्थयात्रांमध्ये रामटेकचे स्थान पहिले मानावे लागते. अंतर थोडे असल्यामुळे या यात्रेस नियोजनाची गरज नाही, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाचे परीक्षण केले आहे. यात्रेचा हेतू, तिथी व ऋतू, क्षेत्राची अंगभूत रचना, प्रवासाची साधने, सहयात्रिकांची शारीरिक क्षमता आणि गर्दीतील सुरक्षितता या सहा अंगांनी अल्पकालीन यात्रेचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन येथे येते. वेळ कमी असताना देवदर्शन उरकणे सोपे असते, परंतु क्षेत्राची यात्रा घडण्यासाठी वेळेची जाणीवपूर्वक वाटणी करावी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : तीर्थयात्रा, रामटेक, गडमंदिर, अंबाळा, वाकाटक, नियोजन, यात्रिक-सुरक्षा

प्रस्तावना

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. नदीचा उतार, पाण्यात उतरण्याची जागा हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे पापातून किंवा दुःखातून पार नेणारे स्थान असा अर्थविस्तार झाला. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्वात तीर्थयात्रेचे जे माहात्म्य येते, त्यातील एक मुद्दा विशेष लक्षणीय आहे. यज्ञाला विपुल सामग्री व द्रव्य लागते, म्हणून तो राजेरजवाड्यांना किंवा संपन्नांनाच शक्य होतो. तीर्थयात्रा मात्र निर्धनालाही साध्य असून तिचे पुण्य यज्ञापेक्षा उणे नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. म्हणजेच तीर्थयात्रा ही मूलतः सर्वांसाठी खुली असलेली धर्मसाधना आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या विधिनिषेधांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. संकल्प, उपवास, स्नान, दर्शन, श्राद्ध, दान आणि परत आल्यावरचे अन्नदान असा यात्रेचा क्रम परंपरेने मानला. काशीयात्रेहून परतल्यावर मावंदे घालण्याची महाराष्ट्रातील प्रथा याच क्रमाचा शेवटचा दुवा होय.

ही रचना मुख्यतः दीर्घ यात्रेस अनुसरून घडलेली आहे. पंढरीच्या वारीत किंवा पूर्वीच्या काशीयात्रेत दिवसामागून दिवस चालण्यात जात. एखादा मुक्काम चुकला तरी पुढच्या मुक्कामी त्याची भरपाई होत असे. एका दिवसाच्या यात्रेत अशी भरपाई होत नाही. सकाळी निघण्यास दोन तास उशीर झाला, तर स्नान, चढण किंवा दर्शन यांपैकी काहीतरी गाळावे लागते, आणि जे गाळले जाते ते बहुधा क्षेत्राचे सर्वांत जुने अंग असते. म्हणूनच अल्पकालीन यात्रेला दीर्घ यात्रेपेक्षा अधिक काटेकोर नियोजन लागते. हे रामटेकच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

विवेचनाची उद्दिष्टे

१) रामटेक क्षेत्राचे धार्मिक व ऐतिहासिक स्वरूप थोडक्यात स्पष्ट करणे.
२) एका दिवसाच्या यात्रेच्या नियोजनातील प्रमुख घटक विशद करणे.
३) वृद्ध, बालके व दिव्यांग यात्रिकांच्या दृष्टीने आवश्यक असलेल्या बाबी मांडणे.
४) यात्रेतील सुरक्षितता व वारसास्थळांचे जतन यांविषयी उपाय सुचविणे.

रामटेक : क्षेत्राचे स्वरूप

रामटेक हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असून नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. वनवासकाळी श्रीरामांनी अगस्त्य ऋषींच्या आश्रमास भेट दिली व राक्षसांच्या निर्दालनाची ‘टेक’ म्हणजे प्रतिज्ञा येथे केली, अशी या नावामागील पारंपरिक कथा आहे. ही श्रद्धेची बाजू झाली. ऐतिहासिक पुरावाही या स्थानाचे प्राचीनत्व दाखवितो. गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या आणि वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याची पत्नी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात रामगिरी हे राजकुलाच्या भक्तीचे केंद्र होते, हे निःसंशय ठरते.

टेकडीवरील रुद्रनरसिंह, केवलनरसिंह, वराह, त्रिविक्रम आदी वाकाटककालीन अवशेष याच परंपरेचे साक्षीदार आहेत. केवलनरसिंह मंदिराच्या भिंतीवरील चुन्याचे थर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूर केले असता त्याखाली एक त्रुटित शिलालेख उजेडात आला. प्रभावतीगुप्तेच्या स्मरणार्थ तिच्या कन्येने हे देवालय उभारले असावे, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. एका कन्येने मातेच्या स्मृतीसाठी केलेले हे धर्मकार्य आजच्या यात्रिकाच्या वाटेवरच उभे आहे. परंतु गडमंदिराकडे घाईने जाणाऱ्या बहुसंख्यांचे त्याकडे लक्ष जात नाही.

यादव राजा रामचंद्र याच्या काळातील, तेराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा एक शिलालेख लक्ष्मण मंदिरात आहे. तो बराच झिजलेला असला तरी त्यात रामगिरीवरील देवता व परिसरातील तीर्थे यांचा उल्लेख आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच रामटेक हे अनेक तीर्थांचा समुच्चय असलेले क्षेत्र म्हणून मान्यता पावले होते. महानुभाव पंथाच्या परंपरेतही रामटेकला महत्त्व आहे. श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून रामयात्रेच्या निमित्ताने निघाले आणि वाटेत रिद्धपूर येथे त्यांना श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, असे लीळाचरित्राची परंपरा सांगते. महाराष्ट्राच्या धार्मिक व वाङ्मयीन इतिहासाला वळण देणारा हा प्रवास रामटेकच्या यात्रेच्या संकल्पातून सुरू झाला, ही बाब या क्षेत्राच्या तत्कालीन कीर्तीची द्योतक आहे.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या आश्रयाने क्षेत्रास नवे वैभव लाभले. पहिल्या रघूजी भोसल्यांनी गडाकडे विशेष लक्ष पुरविल्याची परंपरा आहे. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडमधील रामगढ हे स्थान सुचविणारेही अभ्यासक आहेत. या वाङ्मयीन नात्यातून टेकडीवर कालिदास स्मारक उभे राहिले आणि १९९७ मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना रामटेक येथे झाली. गावाच्या परिसरातील शांतिनाथांचे जैन मंदिरही दूरदूरच्या यात्रिकांना आकर्षित करते.

यात्रेचा हेतू व नियोजन

नियोजनाचा आरंभ वाहन ठरविण्याने केला जातो. वास्तविक तो हेतू ठरविण्याने व्हावयास हवा. रामटेकला येणाऱ्या यात्रिकांचे हेतू ढोबळमानाने चार प्रकारचे असतात : नित्य किंवा नैमित्तिक दर्शन, नवस फेडणे, अंबाळा तलावावर अस्थिविसर्जन व उत्तरक्रिया, आणि कौटुंबिक किंवा शैक्षणिक सहल. यांतील प्रत्येकाचा दिवसक्रम भिन्न आहे.

अस्थिविसर्जनासाठी येणाऱ्या कुटुंबाचा विचार येथे मुद्दाम करावयास हवा. नागपूर व परिसरातील अनेक कुटुंबे या कार्यासाठी अंबाळ्यावर येतात. परंपरेप्रमाणे सुतक असलेल्या व्यक्ती देवदर्शन घेत नाहीत. त्यामुळे ‘आलोच आहोत तर गडावरही जाऊन येऊ’ असा विचार ऐनवेळी पुढे आल्यास घरातील वडीलधाऱ्यांची कुचंबणा होते व शोकाच्या प्रसंगी मतभेद उद्भवतात. अशा कुटुंबाने प्रवास पायथ्यापुरताच आखावा. विधीची सामग्री, पुरोहितांशी बोलणे व दक्षिणेविषयीचा निर्णय निघण्यापूर्वीच पूर्ण करावा. ज्या व्यक्तीस विधी करावयाचा आहे, तिच्याकडे खर्चाचा व गाडीचा भार देऊ नये. ते काम एखाद्या आप्ताने वा शेजाऱ्याने अंगावर घ्यावे. गडाचे दर्शन सुतक फिटल्यावर स्वतंत्रपणे घेता येते.

नवसाच्या यात्रेत मनात धरलेली गोष्ट नेमकी काय होती, हे कुटुंबात आधी स्पष्ट असावे. पायी चढण्याचा नवस असेल आणि नवस बोलणारी व्यक्ती आता वृद्ध झाली असेल, तर घरातील दुसऱ्या व्यक्तीने तिच्या वतीने चढावे व तिने वाहनाने वर यावे, हा मार्ग व्यवहारात स्वीकारला जातो. धर्मग्रंथांनी सत्य, क्षमा, दया, इंद्रियनिग्रह या गुणांनाच मानसतीर्थे म्हटले आहे. शरीराला झेपणार नाही असा आग्रह त्या विचाराशी सुसंगत नाही.

तिथी व ऋतू

रामटेक येथे वर्षातून दोन मोठे उत्सव होतात. चैत्र शुद्ध नवमीस रामजन्माचा उत्सव होतो. कार्तिकात वैकुंठ चतुर्दशी व त्रिपुरी पौर्णिमा या दिवशी यात्रा भरते. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री देवाचे पीतांबर मंदिराच्या शिखराशी प्रज्वलित करण्याची प्रथा या यात्रेचे वैशिष्ट्य होय. आषाढाच्या पहिल्या दिवशी कालिदासाचे स्मरण केले जाते.

तिथी ठरविताना दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे तिथी व इंग्रजी दिनांक एकास एक जुळत नाहीत. एक तिथी दोन दिवसांत विभागली जाऊ शकते. वैकुंठ चतुर्दशी रात्रीच्या व्याप्तीवरून तर रामनवमी मध्यान्हाच्या व्याप्तीवरून ठरते. त्यामुळे वाहन ठरविण्यापूर्वी पंचांग पाहणे आवश्यक आहे. दुसरी बाब मासगणनेची. महाराष्ट्रात अमान्त मास पाळला जातो, तर रामटेकला येणाऱ्या शिवनी, बालाघाट, छिंदवाडा या मध्य प्रदेशातील भागांत पौर्णिमान्त मासाचा प्रचार आहे. शुद्ध पक्षात दोन्ही गणना जुळतात, म्हणून वरील उत्सवांबाबत घोळ होत नाही. वद्य पक्षातील तिथीस मात्र महिन्याचे नाव बदलते. महाराष्ट्रात महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस, तर उत्तरेकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणून ओळखली जाते. दोन्ही राज्यांतील नातेवाईक एकत्र येणार असल्यास निमंत्रणात तिथीसोबत दिनांकही द्यावा.

उत्सवाच्या दिवशी क्षेत्र सर्वाधिक चैतन्यमय असते आणि सर्वाधिक गर्दीचेही. ज्यांच्यासोबत वृद्ध, गर्भवती किंवा लहान मुले आहेत, त्यांनी उत्सवाच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा निवडणे हिताचे ठरते.

ऋतूच्या दृष्टीने कार्तिक ते माघ हा काळ सर्वोत्तम होय. विदर्भाचा उन्हाळा प्रखर असून मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जातो. चैत्रातच फरसबंदी दुपारी इतकी तापते की अनवाणी पायांना चटके बसतात. उन्हाळ्यात यात्रा करणे भाग असल्यास सूर्योदयापूर्वी पायथ्याशी पोहोचून दहाच्या आत गड उतरावा. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार व मेघांनी वेढलेली असते. मात्र दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरत असल्याने घसरण्याचे भय असते.

क्षेत्राची रचना व यात्रेचा क्रम

रामटेक क्षेत्राचे तीन स्तर आहेत : पायथ्याचा जलाशय, मधली चढण आणि माथ्यावरील देवालये. अंबाळा तलावाच्या काठी घाट व अनेक मंदिरे आहेत. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग या जलाने बरा झाला, अशी आख्यायिका त्याच्या नावाशी निगडित आहे. अंबाळ्याहून जुना पायऱ्यांचा मार्ग गडाकडे जातो. आधी जल, मग चढण, मग दर्शन हा क्रम तीर्थयात्रेच्या स्नान–गमन–दर्शन या क्रमाशी मिळताजुळता आहे.

मोटाररस्ता झाल्यापासून वाहने थेट मंदिराच्या जवळपर्यंत पोहोचतात. चालू न शकणाऱ्यांना यामुळे दर्शन शक्य झाले, हा मोठाच लाभ आहे. त्याचबरोबर ज्यांना चालणे सहज शक्य आहे, त्यांच्याही यात्रेतून अंबाळा व पायऱ्यांचा मार्ग गळून पडला. नागपूरहून निघून दोन तासांत दर्शन आणि दुपारी घरी परत, असा क्रम रूढ झाला. त्यातून वेळ वाचला खरा, पण तो क्षेत्रासाठी उपयोगात आला नाही. वाहनाने वाचविलेले दोन तास अंबाळ्याचा काठ, नरसिंह मंदिरे व गडाचे दरवाजे यांच्यासाठी राखून ठेवावेत, हे या नियोजनाचे मध्यवर्ती सूत्र मानावयास हरकत नाही.

गडावर प्रथम भव्य पाषाणवराह लक्ष वेधून घेतो. त्याच्या पोटाखालून वाकून पलीकडे जाण्याची प्रथा असून पापी मनुष्य त्यातून जाऊ शकत नाही, अशी लोकसमजूत आहे. स्थूल किंवा गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या व्यक्तीस यावरून थट्टेचा विषय करू नये; ही समजूत गमतीने घेण्याचे भान सोबतच्यांनी ठेवावे. पुढे वराह, सिंहपूर, भैरव व गोकुळ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दरवाजांतून यात्रिक आत जातो. आतील प्रांगणात लक्ष्मणाचे मंदिर आधी लागते व त्यामागे राम-सीतेचे मंदिर आहे. परिवारदेवतांची लहान मंदिरेही परिसरात आहेत. मंदिर उघडण्याच्या व आरतीच्या वेळा ऋतूनुसार व उत्सवानुसार बदलत असल्याने त्यांची चौकशी आदल्या दिवशी करावी.

हिवाळ्यातील एका दिवसाचा क्रम नमुन्यादाखल पुढीलप्रमाणे आखता येईल.

सकाळी ६.०० : घरी देवापुढे संकल्प करून नागपूरहून प्रस्थान.
सकाळी ७.३० : अंबाळा, हस्तपादप्रक्षालन किंवा स्नान, काठावरील मंदिरांचे दर्शन, अल्पोपाहार.
सकाळी ८.३० : पायऱ्यांनी चढण, न चालणारे यात्रिक वाहनाने वर.
सकाळी ९.३० : ठरलेल्या दरवाजापाशी दोन्ही गटांची भेट, लक्ष्मण व राम-सीता मंदिरांत दर्शन.
सकाळी ११.०० : नरसिंह मंदिरे व कालिदास स्मारक.
दुपारी १२.३० : गड उतरणे, भोजन व विश्रांती.
दुपारी २.३० : शांतिनाथ मंदिर, नगरधन किंवा मनसर यांपैकी एकच स्थान.
सायंकाळी ४.३० : परतीचा प्रवास.

शेवटून दुसऱ्या टप्प्यातील ‘एकच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रामटेकच्या दक्षिणेस असलेले नगरधन हे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणून ओळखले जाते व तेथील उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मृण्मुद्रा मिळाली आहे. पश्चिमेकडील मनसर येथेही उत्खननात महत्त्वाचे प्राचीन अवशेष उघडकीस आले. ही स्थाने मोलाची आहेत, परंतु सर्व एकाच दिवशी पाहण्याचा अट्टहास केल्यास एकाही स्थानास न्याय मिळत नाही आणि थकलेल्या चालकाच्या हाती परतीचे वाहन जाते. उरलेली स्थाने पुढील यात्रेसाठी ठेवावीत. जवळच्या क्षेत्राचा हाच खरा लाभ आहे की तेथे पुन्हा जाता येते.

प्रवासाची साधने व खर्च

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर या राष्ट्रीय महामार्गाने जाऊन मनसरपाशी पूर्वेकडे वळले की रामटेक येते. या प्रवासास सुमारे सव्वा ते दीड तास लागतो. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या नागपूरहून रामटेकला जातात. महामंडळाने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची आणि २०२३ मध्ये महिलांना निम्म्या भाड्याची सवलत सुरू केली. यामुळे अनेक घरांतील वृद्ध स्त्रियांना यात्रेसाठी मुलांच्या सवडीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा देणारे ओळखपत्र सोबत ठेवावे. कन्हानपासून रामटेककडे जाणारा लोहमार्गाचा फाटाही आहे. गाड्यांची संख्या मर्यादित असल्याने परतीच्या गाडीची वेळ आधी निश्चित करून मगच जाण्याची गाडी ठरवावी.

खर्चाचे चार भाग करावेत : प्रवास, भोजन, पूजा व दान, आणि आकस्मिक. पूजा व दान यांसाठीची रक्कम घरीच बाजूला काढून वेगळी ठेवली, तर तेथे भीड पडून ऐपतीबाहेर खर्च होत नाही आणि हात आखडता घेतल्याची रुखरुखही राहत नाही. एकत्र जाणाऱ्या कुटुंबांनी वर्गणी निघण्यापूर्वी जमा करावी. गटात आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंब असल्यास त्याच्या ऐपतीस झेपेल असे साधन निवडावे. निर्धनालाही साध्य, ही तीर्थयात्रेची महाभारतातील व्याख्या येथे प्रत्यक्षात उतरावयास हवी.

दुर्बल यात्रिकांचा विचार

समूहाची गती सर्वांत सशक्त व्यक्तीवरून ठरविली जाते, हा अनेक कौटुंबिक यात्रांमधील दोष आहे. ती सर्वांत अशक्त व्यक्तीवरून ठरवावी. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी पायऱ्यांचा आग्रह सोडून वाहनाने जावे. वाहनतळापासूनही काही पायऱ्या व चालणे असते, याची कल्पना त्यांना आधी द्यावी. मधुमेहींनी उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषध घेऊन अन्न न घेतल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नेहमीची औषधे, पाणी, गूळ-शेंगदाण्यासारखा कोरडा खाऊ आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येक वृद्धाजवळ असावा. टेकडीवर वानरांचा वावर असल्यामुळे प्रसाद व फळे उघड्या हातात न धरता बंद पिशवीत ठेवावीत आणि वानरांना खाऊ घालणे टाळावे.

गर्दी व सुरक्षितता

सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या दुर्घटनेत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद चढण, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दाटीवाटीची दुकाने व त्यांना लागलेली आग यांनी मिळून तो अनर्थ घडविला. हिमाचल प्रदेशातील नैनादेवी येथे ऑगस्ट २००८ मध्ये दरड कोसळल्याच्या अफवेने चेंगराचेंगरी होऊन शंभरहून अधिक भाविकांचे प्राण गेले. दोन्ही स्थाने डोंगरावरील असून दोन्हीकडे चढण-उतरण एकाच चिंचोळ्या वाटेवर एकवटली होती. डोंगरावरील कोणत्याही क्षेत्राने व यात्रिकानेही यातून बोध घ्यावयास हवा.

यात्रिकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. उत्सवाच्या दिवशी दर्शनाची ऐन मुहूर्ताची वेळ टाळावी. गट पांगल्यास कोठे भेटावयाचे, ते ठिकाण वाहनातून उतरण्यापूर्वीच सांगावे. गर्दीत भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. पायऱ्यांवर नारळ फोडू नये. उतरणारांनी एका बाजूने चालावे व मध्येच थांबून छायाचित्रे घेऊ नयेत. अफवा ऐकू आल्यास धावू नये, कडेला होऊन शांत राहावे आणि लहान मुलास उचलून घ्यावे.

क्षेत्राचे जतन

वाकाटककालीन मंदिरे दीड हजार वर्षे ऊन-पाऊस सोसून उभी आहेत. केवलनरसिंह मंदिरातील लेख चुन्याखाली दडून राहिला होता, हे लक्षात घेता भिंतीस शेंदूर, तेल वा रंग लावण्याची कृती किती घातक ठरते, हे वेगळे सांगावयास नको. अज्ञानाने लावलेला एक थर इतिहासाचे एक पान झाकून टाकतो. नावे कोरणे, मूर्तींवर चढणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अंबाळ्यात निर्माल्य, वस्त्रे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या सोडू नयेत. अस्थी कापडासह न सोडता कापड वेगळे करून बाहेर आणावे. ज्या जलास तीर्थ म्हणावयाचे, ते स्वच्छ राखणे हे यात्रेचेच अंग आहे.

निष्कर्ष व सूचना

१) अल्पकालीन यात्रेचे नियोजन हेतूपासून सुरू करावे. दर्शन, नवस व उत्तरक्रिया यांचे दिवसक्रम एकत्र मिसळू नयेत.
२) तिथी पंचांगावरून व ऋतू सहयात्रिकांच्या प्रकृतीवरून ठरवावा.
३) रामटेक हे केवळ गडमंदिर नसून जलाशय, चढण व देवालये यांचे मिळून बनलेले क्षेत्र आहे. वाहनामुळे वाचणारा वेळ या उपेक्षित अंगांना द्यावा.
४) समूहाची गती सर्वांत दुर्बल व्यक्तीच्या क्षमतेनुसार असावी.
५) उत्सवकाळात चढण्या-उतरण्याचे मार्ग शक्यतो वेगळे राखणे, पायऱ्यांवर दुकाने न मांडणे आणि अंबाळ्यावर निर्माल्य व वस्त्रांसाठी वेगळी सोय ठेवणे याकडे स्थानिक व्यवस्थापनाने लक्ष पुरवावे.
६) महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांमार्फत उत्सवकाळात वृद्धांना साहाय्य व प्राचीन मंदिरांची माहिती देण्याचा उपक्रम हाती घ्यावा.

रामटेकचे अंतर आज दीड तासाचे झाले आहे. ज्या यात्रेसाठी एकेकाळी गुजरातेतून पायी निघावे लागे, ती नागपूरकराला सकाळी ठरवून सायंकाळी पूर्ण करता येते. या सुलभतेचा उपयोग घरातील थकलेल्या वडीलधाऱ्यांना एकदा अंबाळ्याच्या काठावर निवांत बसता यावे आणि मुलांना आपल्या भूमीचा दीड हजार वर्षांचा वारसा डोळ्यांनी पाहता यावा, यासाठी झाला, तर एका दिवसाची यात्राही परिपूर्ण ठरेल.